हिचवर लावायचा कॅरियर कोणता घ्यावा?

नाशिककर: गाडीला मागे हिच (ट्रेलर किंवा सामानाचा कॅरियर जोडायची चौकोनी भोकाची लोखंडी जोडणी) आहे, भोक २ इंची की सव्वा इंची ते अजून मोजलं नाही, पिंपळगावहून द्राक्षांचे ४-५ क्रेट कसारा घाटातून ठाण्याला बहिणीकडे न्यायचेत, कोणता कॅरियर बसेल?

सिडकोवाला: दादा आधी टेपने मोजा, चौकोनी भोकाची आतली बाजू. कॅरियरचा सव्वा इंची दांडा २ इंचीत खुळखुळतो. मग हिचच्या स्टिकरवर टंग वेट, म्हणजे हिचवर किती भार चालतो ते बघा, समजा ७० किलो असेल तर कॅरियरचं वजन पण त्यातच धरायचं, लोखंडी कॅरियरच २५ किलोचा असला तर माल ४५ किलोच. गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा कमी दिला असेल तर तोच धरा.

घाटवाली: आणि सायलेन्सर कुठे येतो तेही बघा हो! माझ्या खालच्या क्रेटमधली द्राक्षं गरम धुराने पार मऊ पडली होती, देठ काळे, इतका जीव हळहळला. वर उचललेल्या दांड्याचा घ्या, स्पीडब्रेकरला पण कमी घासतो. नंबर प्लेट अन् मागचे लाइट झाकले जायला नकोत.

नाशिककर: मोजलं, २ इंची, स्टिकरवर ७५ किलो. आमचा क्रेट भरून २० किलो होतो, मग दोनच मागे, बाकीचे डिकीत. आभारी आहे ताई, सायलेन्सरचं डोक्यातच आलं नव्हतं.