यवतेश्वर घाटात चढावर गाडी लावणे आणि पुन्हा काढणे

प्रश्न: साताऱ्याहून कासला जाताना चढावर गाडी लावायची तर हँडब्रेक पुरतो का? गिअर कोणता ठेवायचा? निघताना गाडी मागे सरकते, ती कशी रोखायची?

घाटवाट: नुसत्या हँडब्रेकवर सोडू नका, केबल ताणून सैल झाली असेल तर पकड कमी होते. पाय ब्रेकवर ठेवून हँडब्रेक पूर्ण ओढा, न्यूट्रल करा, मग पाय हळूच उचला. गाडी हललीच तर हँडब्रेक मेकॅनिकला दाखवायची वेळ झाली. नाही हलली, तर इंजिन बंद करून गिअर टाका. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. क्लच सोडायला विसरू नका, दाबलेल्या क्लचमध्ये गिअरचा काही उपयोग नाही. शिवाय मागच्या चाकाला उताराच्या बाजूने दगड. (जाताना तो रस्त्यातच टाकून जाणारे महाभाग वेगळे!)

जुनास्टिअरिंग: चाकंही वळवा. डावीकडे कठडा आणि तोंड चढाकडे, तर चाकं उजवीकडे, म्हणजे मागे सरकली तरी टायर कठड्याला टेकतो. तोंड उताराकडे असेल तर डावीकडे. कठडा नसून डावीकडे दरी असेल, तर तिथे लावूच नका.

घाटवाट: काढताना हँडब्रेक वरच ठेवा. पहिला गिअर, थोडा रेस, क्लच हळूहळू सोडा. बॉनेट किंचित उचललं, आवाज जड झाला, की हँडब्रेक खाली. अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका, प्लेट जळते. जळका वास लगेच येतो.