संविधानावरच्या कार्यक्रमाला पैसे कुठून आणलेत? सीमाभागातले अनुभव लिहा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लोकशाही, संविधान, ग्रामसभा अशा विषयांवर कुणी व्याख्यानं, वाचनवर्ग घेतले असतील तर पैशांची जमवाजमव कशी केलीत ते इथे सांगा. सुरुवात मी करते. उचगावच्या बाजूला आमच्या गावात तीन संध्याकाळी ‘ग्रामसभेत काय विचारता येतं’ हा विषय ठेवला. देवळातच बसलो, स्पीकरवाल्यानं भाडं घेतलं नाही. बाकी वर्गणी. पहिल्याच दारात काकू म्हणाल्या, “पैसे देतो गं, पण मला कळंल असं बोलायला सांग त्यांना.” वक्त्यांना मी एवढीच सूचना दिली.

खानापूर, शिक्षिका : आमचा खर्च फक्त झेरॉक्सचा, तोही आम्ही चौघींनी वाटून घेतला. संविधानाचं कलम ३५० मराठीत छापून वाटलं. तक्रार-निवेदन राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं, असं ते कलम सांगतं. रेशनकार्डासाठी एका शेतकऱ्याचा मराठी अर्ज खिडकीवरून परत आला होता. तो दुसऱ्या दिवशी चार घड्या घातलेला आमचा कागद घेऊन गेला आणि पोच घेऊनच आला. ती पोच दाखवायला शाळेत आला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. असे कागद गावोगाव जायला हवेत, मनापासून वाटतं.

निपाणी : एका पुढाऱ्यानं सगळा खर्च उचलला. बॅनरवर फोटो लागला, भाषणं लांबली, प्रश्नोत्तरं राहूनच गेली. विडी कामगार बायका पेन्शनचे प्रश्न वहीत लिहून आल्या होत्या, तशाच उठून गेल्या. माझ्या मनाला ते फार लागलं. पुढच्या वर्षी माणशी २० रुपये घेतले आणि सुरुवातच त्या वहीपासून केली.

बेळगाव शहर : १८४८ पासून सार्वजनिक वाचनालय चालवणारं आपलं गाव आहे, वर्गणी नवी नाही. पण घरपट्टीची पावतीही बघा. १९६५ च्या कर्नाटक ग्रंथालय कायद्यानं करातल्या रुपयामागे ६ पैसे ग्रंथालय उपकर आपण भरतोच. त्यातून मराठी पुस्तकं, वाचनवर्ग मागायला काय हरकत आहे?

येळ्ळूर : वरचं वाचून पावती शोधली. उपकराची ओळ आहे. येत्या ग्रामसभेला घेऊन जातोय.