‘डान्स रॅप्सडी’ला मराठीत काय म्हणावं?

व्हायोलिनवाली: इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या एका हौशी वाद्यवृंदात मी व्हायोलिन वाजवते. सध्या संगीतकार डीलियसची पहिली ‘अ डान्स रॅप्सडी’ बसवतोय. १९०८ची रचना, तो जन्मानं इथल्याच ब्रॅडफर्डचा. रॅप्सडी म्हणजे मुक्त बांधणीची रचना, आणि मराठी मंडळी ऐकायला येणार, म्हणून पत्रकात मी ‘नृत्य-स्वैरिका’ लिहिलं. बाबा फोनवर म्हणाले, “स्वैर कसलं? एकच धून पुन्हा पुन्हा येते म्हणालीस ना?” आता अडलंय.

तबलजी: बाबांचं बरोबर आहे. मी काल ऐकली. ओबो नावाच्या फुंकवाद्यावर धून येते, ती फारशी बदलत नाही. बदलते ती तिच्याखालची हार्मनी, म्हणजे सोबत वाजणारे सूर. हा लेहराच की! कथकला पेटीवर तीच ती धून लेहरा म्हणून धरतात ना, तसा. आपल्याकडे करामत तबल्यात आणि पायांत, इथे साथीत.

शब्दवेडा: रॅप्सडी मूळ ग्रीक. ‘राप्टाइन’ म्हणजे शिवणं, ‘ओडे’ म्हणजे गाणं. होमरची काव्यं म्हणत फिरणारे ते रॅप्सोड. माझं मत ‘नृत्यगोधडी’ला.

मायबोलीप्रेमी: गोधडी नको, लोक पत्रक वाचून हसतील. ‘नृत्यमाला’ लिहा. ‘वाद्यवृंद’ लिहिलंत ते मात्र छान केलंत. ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की आपल्याकडे गणपतीतली सिनेमाची गाणीच डोळ्यांसमोर येतात.

तबलजी: माळेत मणी सुटे असतात हो, इथे सगळं सलग आहे. रॅप्सडीच ठेवा. इंग्रज ठुमरीला ठुमरीच म्हणतात.

मायबोलीप्रेमी: असंच म्हणत बसलो असतो तर ‘महापौर’ आणि ‘दिग्दर्शक’ मराठीत आलेच नसते. सावरकरांनी ते घडवले, लोकांनी वापरले.

व्हायोलिनवाली: शेवटाकडे ती धून अगदी संथ होऊन एकट्या व्हायोलिनकडे जाते. आम्ही बाकीचे खाली हलके सूर धरतो. तिथे मला दरवेळी भरून येतं. ‘माला’ त्या जागेला पुरत नाही. पत्रक शुक्रवारी छापायला जातंय.

सातारकर: गोधडीला हसण्यासारखं काय आहे? आमची आजी वाकळ शिवायची. कडेनं सुरू करून धावदोरा घालत घालत आत यायची. खाली लुगडं संपलं की धोतर, धोतर संपलं की कुणाचा तरी सदरा. टाका तोच, कापड बदलत जायचं. तबलजी म्हणतात ते हेच ना?

तबलजी: दादा, हेच! पण वाकळ आणि गोधडी एकच का?

शब्दवेडा: एकच. संस्कृतात कंथा.

सातारकर: एकच कशी? वाकळ जड असते. थंडीत अंगावर घेतली की कूस बदलता येत नाही.

खान्देशी: आमच्याकडे जाड असो की पातळ, गोधडीच. तिच्या कोपऱ्यांना रंगीत त्रिकोणी तुकडे लावायचे. त्यांना काय म्हणतात, कुणाला आठवतंय का?