विभक्त झालो, घर त्याच्याकडे, हप्ता माझ्या पगारातून. जॉइंट होमलोनमधून नाव कसं काढायचं?

नमस्कार. दोनदा लिहून पुसलं. आमच्याकडे अशी गोष्ट सकाळी बोलली की संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर पोचते. इथे कोणी ओळखत नाही म्हणून विचारते.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. नवऱ्याचं कृषी केंद्र आणि घरची सहा एकर कोरडवाहू. २०१८ मध्ये गावाच्या कडेला एन.ए. (बिगरशेती) प्लॉट घेऊन घर बांधलं. प्लॉट दोघांच्या नावे, लोनही दोघांच्या नावे. १४ लाख, २० वर्षं, फ्लोटिंग व्याज. माझा पगार बांधलेला, म्हणून हप्ता माझ्याच खात्यातून लावला. १२,२०० रुपये. आज साडेअकरा लाख बाकी आहेत. सात वर्षं भरून मुद्दल अडीच लाखच कमी झालं, हे स्टेटमेंटवर पाहिलं त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दोन वर्षांपासून मी माहेरी आहे. मारहाण वगैरे काही नव्हतं. जमलं नाही, एवढंच. घरात तो आणि सासूबाई राहतात. हप्ता मात्र महिन्याच्या पाच तारखेला माझ्या पगारातून जातोच. म्हणजे दोन वर्षांत दोन लाख नव्वद हजारांच्या वर, ज्या घराचं कुलूपही माझ्याकडे नाही त्या घरासाठी. बोलायला गेलं की म्हणतो, "तुहा पगार बांधला हाये, माह्या दुकानाचं काई खरं नाई." त्याचंही पूर्ण खोटं नाही. बियाणं-खत उधारीवर जातं आणि वसुली कापूस विकल्यावर. तेही पाऊस झाला तर.

आता संमतीने घटस्फोट घ्यायचं ठरतंय, अर्ज अजून टाकलेला नाही. तो म्हणतो, कोर्टात लिहून देतो की यापुढे हप्ता मी भरीन, घर माझं. मामा म्हणतात, ग्रामसेवकाकडे जा आणि नमुना ८ वरून नाव काढून मोकळी हो. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "सही तुयी हाये ना बँकेच्या कागदावर? मंग?" त्या "मंग"ला माझ्याकडे उत्तर नाही.

तर, कोर्टातलं लिहून दिलेलं बँक मानते का? आणि मी पुढच्या महिन्यापासून हप्ता बंद केला तर काय होईल? खरं सांगते, हात शिवशिवतो आहे.

प्रतिसाद : रिटायर बँकवाला

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. हप्ता बंद करू नका. चेक परत जावा तसा हप्ता परत गेला की दोघांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुण, पडतो. ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत. मग सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण घर ताब्यात घेऊन वसुली करायच्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येते, आणि ती दोघांच्या नावाने येते. शेतजमिनीला तो कायदा लागत नाही, पण तुमचा प्लॉट एन.ए. आहे. उद्या तुम्हाला स्वतःसाठी घर घ्यायचं झालं तर हाच डाग आडवा येईल.

कोर्टातल्या लिखाणाचं म्हणाल, तर ते तुमच्या दोघांत चालतं. बँक त्या प्रकरणात पक्षकार नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ४३ बघा. दोघांनी मिळून घेतलेलं कर्ज सावकार कोणा एकाकडून पूर्ण वसूल करू शकतो. नवऱ्याने हप्ता चुकवला की बँक पगारदाराकडेच येणार, म्हणजे तुमच्याकडे. कोर्टाचा कागद दाखवलात तर मॅनेजर चहा पाजेल, नाव काढणार नाही. आमच्या वेळीही असे कागद घेऊन लोक यायचे. आम्ही झेरॉक्स फाइलला लावून ठेवायचो.

त्याच कलमात तुमच्या कामाचंही आहे. ज्याने आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलं, तो दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकतो. पासबुकच्या नोंदी जपून ठेवा.

नाव काढायचं तर बँक त्याला नवीन कर्ज दिल्यासारखीच तपासणी करते. एकट्याचं उत्पन्न, रिटर्न, सिबिल. दुकान उधारीवर आणि पीककर्ज थकलेलं असेल तर नकार येणार. मग त्याला भावाला नाहीतर वडिलांना सहकर्जदार म्हणून उभं करावं लागेल, किंवा दुसऱ्या बँकेकडून लोन टेकओव्हर, म्हणजे ती बँक हे कर्ज फेडून त्याच्या नावे नवं देते. फ्लोटिंग व्याजाचं घरकर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, त्यामुळे टेकओव्हरला कोणी चार्ज सांगितला तर लेखी मागा.

प्रतिसाद : तालुका कोर्टातली

मामांना नमस्कार सांगा, पण नमुना ८ ही घरपट्टीची नोंदवही आहे. तिथून नाव काढलं तर मालकी सुटत नाही आणि कर्ज तर मुळीच नाही. उलट घरावरचा कागदोपत्री हक्क सैल करून घ्याल आणि बोजा तसाच अंगावर राहील.

माझं उत्तर वेळेबद्दल आहे. संमतीच्या घटस्फोटात पहिल्या अर्जानंतर किमान सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर हे सहा महिने माफ होऊ शकतात, म्हणून प्रत्येक जण वकिलाला "लवकर करा" म्हणतो. तुम्ही म्हणू नका. हे सहा महिने तुमच्या हातातलं एकमेव हत्यार आहे. अटींमध्ये लिहून घ्या की दुसऱ्या जबाबाआधी (मुदत संपल्यावर कोर्टात पुन्हा संमती द्यायची असते ती) तुमचं नाव कमी केल्याचं बँकेचं पत्र येईल, नाहीतर घर विकलं जाईल. पत्र आल्याशिवाय दुसऱ्या जबाबाला उभं राहू नका. एकदा हुकूमनामा झाला की त्याला घाई उरत नाही.

घर तुम्हीच ठेवायचा विचार केलात का? लोन तुमच्या पगारावर बसतंय हे सात वर्षांत सिद्ध झालंय. त्याने त्याचा अर्धा हिस्सा तुम्हाला बक्षीसपत्राने द्यायचा. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याने बायकोला बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. अधिभार आणि नोंदणी फी वेगळी. बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आधी लागेल. पण हे तुम्ही नवराबायको असेपर्यंतच. निकालानंतर तो कायद्याने नवरा राहत नाही आणि ही सवलतही जाते. म्हणजे पुन्हा तेच सहा महिने.

दोन लाख नव्वद हजारांतला त्याचा निम्मा वाटा अटींमध्ये आकड्यात लिहा. "नंतर पाहू" नको. वकिलाची फी जड जात असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा, बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

प्रतिसाद : आम्ही विकलं

आमचं भांडण "घर कोणाचं" यावर दीड वर्ष चाललं. शेवटी विकलं. घेणाऱ्याच्या बँकेने आमची बाकी थेट आमच्या बँकेत भरली, उरलेले आम्ही वाटून घेतले. खेड्यातल्या घराला गिऱ्हाईक लागायला वेळ लागतो, इसार घेताना लोनचं लपवू नका. आणि पूर्ण फेडल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, डिसेंबर २०२३ पासून. आमच्या बँकेने दोन महिने लावले. नियमाचं पत्र दिल्यावर चौथ्या दिवशी कपाटात सापडले कागद!

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. घर मी ठेवावं हे डोक्यातच आलं नव्हतं. मी फक्त सुटायचा विचार करत होते. सासूबाई तिथे राहतात, हे तेवढं सोपं नाही. त्या माझ्याशी वाईट वागल्या नाहीत कधी. त्यांच्यासाठी सहा महिन्यांची मुदत द्यायला मी तयार आहे.

वकिलांना आजच फोन करून सांगितलं की मुदत माफीचा अर्ज नको. ते जरा चिडले. बँकेत शनिवारी जाणार होते, सकाळची शाळा असते म्हणून, पण हा दुसरा शनिवार निघाला. सोमवारी अर्धी रजा टाकते आणि बाकीचं लेखी स्टेटमेंट मागते. या महिन्याचा हप्ता गेला पाच तारखेला. जाऊ दिला.