सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन आणि रोजचे 'दोनच पेग': डॉक्टरांना कसं सांगावं?

सिंहगडरोडकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा घाईचा विषय आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते.

सासऱ्यांचं (बाबा, वय ६९) गुडघा बदलायचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय. तपासणीत भूलतज्ज्ञांनी विचारलं, "दारू वगैरे?" बाबा म्हणाले, "कधीतरी. मित्रांबरोबर." शेजारी बसलेला आमचा नवरा भिंतीवरचं सांध्यांचं चित्र अभ्यासायला लागला. कागदावर 'क्वचित' असं लिहिलं गेलं आणि पुढचा पेशंट आत आला.

खरं असं आहे की साडेसातच्या बातम्या लागल्या की बाबांची बैठक सुरू होते. फुटाणे, काकडी, ठरलेला स्टीलचा ग्लास. भांडण नाही, शिवीगाळ नाही, पैसे उडवणं नाही. दहाला झोपतात, सकाळी पु. ल. देशपांडे उद्यानात फेऱ्या मारतात (आता गुडघ्यामुळे बाकावर बसतात). त्यामुळे 'बाबा पितात' असं आमच्या घरात कुणी म्हणतच नाही. 'दोनच पेग घेतात' असं म्हणतात.

तर तो ग्लास. आतून एक रेघ आहे, बाबा तिथपर्यंत ओततात आणि वर पाणी. मी त्या रेघेपर्यंत पाणी भरून केकच्या मापाने मोजलं. ९० मिली निघालं. म्हणजे दोनच पेग = १८० मिली = रोजची एक क्वार्टर. व्हिस्की, पाणी सोडून.

दुसरी गोष्ट. मागे आम्ही सगळे तुळजापूर-अक्कलकोट करून आलो. देवाचं काम म्हणून बाबांनी अजिबात घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी भक्तनिवासात चहा पिताना कपबशी खडखड वाजत होती, अर्धा चहा बशीत. रात्रभर घाम, झोप नाही. सगळे म्हणाले प्रवासाचा शीण. घरी आल्यावर संध्याकाळी लगेच बरे झाले.

लिव्हरच्या रक्ततपासणीत एसजीओटी ९६, एसजीपीटी ४४, जीजीटी बरंच वाढलेलं. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर.

प्रश्न:
१. एवढी घेणं म्हणजे नक्की किती? नेटवर मर्यादेचा प्रत्येक देशाचा आकडा वेगळा.
२. ऑपरेशनआधी आठवडाभर बंद केली की झालं, असं नवरा म्हणतो. बरोबर आहे का?
३. बाबांचा अपमान न करता हे डॉक्टरांपर्यंत कसं पोचवायचं? सासूबाई म्हणतात, घरातलं घरात राहू दे.

---

पेठेतला

आमचे आजोबा रोज घ्यायचे, ८८ व्या वर्षी गेले, तेही झोपेत. बाबा कुणाला त्रास देत नाहीत, तर सुनेने ग्लासाचं माप काढायचं काय कारण? डॉक्टर लोकांना सांगितलं की ते बिल वाढवतात.

---

गुंगीवाला

मी भूलतज्ज्ञ आहे, आयडीवरून कळलंच असेल. पेठेतला यांच्या आजोबांना सादर प्रणाम, पण त्यांना भूल द्यायची नव्हती.

ताई, सगळ्यात आधी दुसरा प्रश्न. घरच्या घरी एकदम बंद करू नका. तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची ओळ क्वार्टरची नाही, कपबशीची आहे. रोज ठरावीक दारू मिळणारा मेंदू तिच्या गुंगीशी जुळवून घेतो, स्वतःची उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की ती वाढलेली उत्तेजना तेवढी उरते. सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, धडधड, झोप उडणं. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. आणि काही जणांना साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो, त्याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. त्यात वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो.

आता हे ऑपरेशनवर बसवून बघा. भरती झाले, दारू बंद. ऑपरेशन छान झालं. तिसऱ्या रात्री पेशंट सलाइन उपटतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो, नव्या गुडघ्यावर उभा राहून घरी निघतो. नातेवाईक म्हणतात, "भूल चढली" किंवा "वय झालं". आम्हाला खरा आकडा माहीत असेल तर थायमिन (जीवनसत्त्व बी-१) आणि मेंदू शांत करणारी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं वेळेवर सुरू करता येतात. नसेल तर कारण शोधण्यात वेळ जातो. बिलाचं म्हणाल तर ते अशा वेळी आयसीयूत वाढतं.

शिवाय रोज पिणाऱ्याला रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि जखम उशिरा भरण्याचा धोका जास्त. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ करणारी औषधं असतात, वेदनाशामकं असतात. त्यातली बरीचशी दारूशी पटत नाहीत. लिव्हरवर आधीच ताण असेल तर पॅरासिटामॉलचा डोससुद्धा विचार करून द्यावा लागतो.

रिपोर्टबद्दल: एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त आणि सोबत जीजीटी वाढलेलं, हे चित्र दारूकडे बोट दाखवतं. एवढ्यावरून निदान होत नाही, पण तुमच्या डॉक्टरांनी हे एकत्र बघायला हवं.

गुडघा हे तातडीचं ऑपरेशन नाही, ही तुमची जमेची बाजू. दारू देखरेखीखाली कमी करून, चार आठवडे किंवा जास्त बंद ठेवून मग ऑपरेशन केलं तर नंतरच्या गुंतागुंती कमी होतात. तारीख पुढे गेली तर जाऊ द्या.

---

हिशेबनीस

पहिल्या प्रश्नाचं गणित. पेग विसरा, ग्रॅम मोजा. आपल्याकडची व्हिस्की सहसा ४२.८ टक्के. १८० मिलीत सुमारे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, म्हणजे ६१ ग्रॅम. रोज.

ब्रिटनमध्ये एक युनिट ८ ग्रॅमचं. २०१६ पासून तिथली मर्यादा बाई-पुरुष दोघांनाही आठवड्याला १४ युनिट, तीही तीन किंवा जास्त दिवसांत विभागून. बाबांचे होतात ५४. कॅनडातल्या २०२३ च्या मार्गदर्शनात कमी धोक्याची पातळी आठवड्याला दोन ड्रिंक, आणि तिथलं एक ड्रिंक साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे कॅनडाचा आठवड्याचा कोटा बाबांच्या सोमवारच्या पहिल्या ग्लासातच संपला.

आकडे वेगळे का? शरीर सगळीकडे तेच आहे. किती धोका 'चालेल' ही रेघ प्रत्येक देश वेगळ्या ठिकाणी मारतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टच म्हटलं की पूर्ण सुरक्षित अशी पातळी नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या (आयएआरसी) यादीत दारू १९८८ पासून पहिल्या, म्हणजे 'नक्की कर्करोग करणाऱ्या' गटात आहे, त्याच गटात तंबाखू. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तन.

आणि 'थोडी हृदयाला बरी' हे जे ऐकू येतं, त्या जुन्या अभ्यासांमधली मोठी गोची अशी की 'न पिणाऱ्यां'च्या गटात आजारपणामुळे सोडलेले लोकही मोजले होते. मग पिणारे ठणठणीत दिसणारच.

बीअरवाल्यांनीही हसू नये. ६५० मिलीची ८ टक्केवाली स्ट्राँग बाटली म्हणजे ४१ ग्रॅम.

---

गुलबक्षी

ताई, तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगते, आमच्या घरी हे सगळं होऊन गेलंय.

बाबांसमोर डॉक्टरांना दुरुस्ती सांगू नका, तिथे ते हट्टालाच पेटतील. तुमच्या मिस्टरांनी एकट्याने फोन करावा किंवा चिठ्ठी द्यावी: रोज १८० मिली, इतकी वर्षं, प्रवासात बंद झाल्यावर थरथर आणि घाम. एवढं पुरतं. पुढे डॉक्टर स्वतः बाबांना विचारतील. मुलगा विचारतो तेव्हा बाप चिडतो, डॉक्टर विचारतात तेव्हा उत्तर देतो. सासूबाईंना 'व्यसन' हा शब्द ऐकवू नका, 'भुलेचा धोका' म्हणा.

आणि कुणी 'जेवणात कळू न देता गोळी घाला' असं सुचवेल. अजिबात नको. ती गोळी सहसा डायसल्फिरामची असते, ती घेतलेल्या माणसाने वर दारू घेतली की उलट्या, धडधड, बीपी कोसळणं असं काहीही होतं. ६९ व्या वर्षी जिवावर बेतेल. ती गोळी पेशंटला माहिती देऊन, त्याच्या संमतीनेच द्यायची असते.

मदतीसाठी: मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो, ससूनमध्येही आहे. येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, घरच्यांशीही तिथे बोलतात. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६.

---

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे आभार. नवऱ्याने भूलतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी बाबांना पुन्हा बोलावलं, नवऱ्याला बाहेर बसवलं आणि दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. बाबा बाहेर आले ते गप्प, पण घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, "डॉक्टर हुशार आहे, बरोबर ओळखलं त्याने." आम्ही कुणी काही बोललो नाही.

ऑपरेशन पुढे ढकललंय. मानसोपचारतज्ज्ञांनी औषधं सुरू केलीत, माप हळूहळू खाली आणतायत, थायमिनही आहे. थरथर वाढली, गोंधळल्यासारखं वाटलं किंवा फिट आली तर सरळ इमर्जन्सीत आणा, असं बजावलंय.

गुंगीवाला, एक शंका. बाबा विचारतात, ऑपरेशन होऊन चालायला लागल्यावर 'शनिवारी एक' चालेल का?

---

गुंगीवाला

तो कागद 'ऑडिट' (AUDIT) नावाच्या, दारूची सवय तपासणाऱ्या प्रश्नावलीचा असणार. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले की आम्ही सावध होतो.

शनिवारचं उत्तर त्यांच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून घ्या, पण ज्याला बंद केल्यावर थरथर सुटते त्याला सहसा 'पूर्ण बंद' असाच सल्ला मिळतो. 'शनिवारी एक' हे पुढे बुधवारीही होतं. ओढ कमी करणारी औषधं आहेत, नॅल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट. लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बघून त्यातलं कुठलं चालेल ते ते ठरवतील. बाबांना हा प्रश्न त्यांनाच विचारू दे. स्वतःहून विचारतायत, हे चांगलं आहे. आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कुणी विचारलं तर पुन्हा 'क्वचित' नको.