‘वन्स अपॉन अ टाइम’चा नटसंच : मालिका नेमकी कोणी पेलली?

रानजाई :
नमस्कार. एबीसी वाहिनीवर २०११ ते २०१८ या काळात झालेल्या ‘वन्स अपॉन अ टाइम’चे सहा सीझन मी नुकतेच पाहून संपवले. परीकथांतली सगळी मंडळी शापामुळे स्वतःची ओळख विसरून मेन राज्यातल्या स्टोरीब्रूक या गावात राहतात, आणि त्यामुळे बहुतेक नटांना दोन-दोन माणसे उभी करावी लागतात. सातव्या सीझनच्या आधी जेनिफर मॉरिसन, हिमगौरी झालेल्या जिनिफर गुडविन आणि जॉश डॅलस यांच्यासह अनेक मुख्य कलाकार बाहेर पडले, असे वाचले. आपल्या मते ही मालिका कोणाच्या बळावर उभी होती, आणि पुढे पाहावे का?

शिंपला :
माझे उत्तर रॉबर्ट कार्लाइल. त्यांचा रम्पलस्टिल्टस्किन, म्हणजे ग्रिम बंधूंच्या कथेतला जादूगार, बारीक, चिरक्या आवाजात खिदळतो, बोटे हवेत नाचवतो. तोच माणूस स्टोरीब्रूकमध्ये मिस्टर गोल्ड म्हणून काठी टेकत, शब्द तोलून, जवळजवळ कुजबुजत बोलतो, आणि तरीही दोघांतली भीती एकच आहे हे आपल्याला जाणवत राहते. मुलाचे तोंड पाहायला परत जाता यावे म्हणून युद्धाच्या आदल्या दिवशी स्वतःचा पाय मोडून घेणारा हा सूत कातणारा माणूस पुढे ‘ब्यूटी अँड द बीस्ट’मधल्या बेलच्या कथेतला ‘पशू’ही होतो आणि ‘पीटर पॅन’मधल्या कॅप्टन हुकच्या कथेतली ‘मगर’ही. लेखकांनी तीन कथा एकाच पात्रावर लादल्या आणि कार्लाइल यांनी त्या पेलल्या. दुसरा कोणी असता तर ते ओझे उघडे पडले असते.

चांदणवेल :
कार्लाइल यांच्याबद्दल सहमत आहे, तरी मला लाना पारिया यांचे काम अधिक कठीण वाटते. रम्पल शेवटपर्यंत डळमळत राहतो. पारिया यांच्या रेजिनाला, म्हणजे हिमगौरीच्या गोष्टीतल्या दुष्ट राणीला, मात्र खरोखर बदलायचे असते, आणि दत्तक मुलगा हेन्री याच्यासाठी होणारा तो बदल पारिया यांनी घाई न करता अनेक सीझन उलगडला आहे. पाचव्या सीझनच्या शेवटी दुष्ट राणी रेजिनापासून वेगळी होते, आणि सहाव्या सीझनमध्ये एकाच दृश्यात समोरासमोर उभ्या असलेल्या त्या दोघी केवळ नजरेवरून ओळखू येतात.

एक खंत मात्र आहे. नवी पात्रे येत गेली तशी जुनी मागे पडली. पहिल्या सीझनमध्ये लाल टोपीवाली मुलगी स्वतःच लांडगा निघते, तो भाग मेगन ओरी यांनी फार हळवेपणाने केला होता. पुढे त्या दुसऱ्या मालिकेत गेल्या आणि रुबी (लाल टोपीवालीचे स्टोरीब्रूकमधले नाव) जवळजवळ दिसेनाशीच झाली. चौथ्या सीझनचा पूर्वार्ध तर ‘फ्रोझन’ चित्रपटातल्या एल्सा आणि ॲनाच व्यापून टाकतात. लहानपणी ‘हिमगौरी आणि सात बुटके’ ऐकत वाढलेल्या मला त्यात हिमगौरीच बाजूला पडल्यासारखी वाटली.

पाणकोंबडा :
सातवा सीझन अवश्य पाहा, पण हिमगौरीचे कुटुंब तिथे केंद्रस्थानी असेल अशी अपेक्षा ठेवू नका. कथा सिॲटलमधल्या हायपेरियन हाइट्स या वस्तीत जाते, हेन्री मोठा होतो आणि त्याची भूमिका अँड्र्यू जे. वेस्ट करतात. नव्या कलाकारांना रुळायला वेळच मिळत नाही, हे खरे. तरीही वर ज्या दोघांबद्दल लिहिले आहे ते दोघे, आणि हुक झालेले कॉलिन ओडोनह्यू, शेवटपर्यंत आहेत.

रानजाई :
सर्वांचे आभार. लाल टोपीवालीचा तो भाग आज रात्री पुन्हा पाहते आणि उद्यापासून सातवा सीझन सुरू करते.