फ्रीज कुठल्या प्रकारचा घ्यावा? अनुभव लिहा

ओटाकाठ:
दुसऱ्या धाग्यावर जुन्या सिंगल डोअर फ्रीजचा फोटो दिसला आणि हा विषय काढावासा वाटला. लिटर नंतर बघा, आधी दार किती उघडतंय ते बघा. साइड बाय साइड (शेजारी-शेजारी दोन उभी दारं, एकात फ्रीझर, एकात फ्रीज) साधारण ९० सेंमी रुंद असतो. बिजागरीच्या बाजूला भिंत असली की दार ९० अंशांवर अडतं आणि भाजीचा ड्रॉवर दाराच्या कडेला लागून बाहेरच येत नाही. ज्यांना यातलं कळतं त्यांनी मापांसकट लिहा.

मोजपट्टी:
जिन्याचं वळण, लिफ्ट, घराचं दार, सगळं मोजा. दारं काढून आत नेता येतो, पण डिस्प्ले असेल तर वायरही सोडवावी लागते.

चहाटळ:
दार डावीकडून उघडेल असं करून मिळतं का?

थर्मोस्टॅट:
@चहाटळ काही मॉडेलमध्येच. मॅन्युअलमध्ये बघा, बिजागरीची भोकं दोन्ही बाजूंना असायला हवीत.

आता प्रकाराबद्दल. डायरेक्ट कूलमध्ये पंखा नसतो, फ्रीझरला बर्फ धरतो. थर ५-६ मिमी झाला की बंद करून वितळू द्या. सुरीने खरवडायचं नाही, कारण त्या पत्र्यातूनच गॅसची नळी फिरलेली असते. टोक लागलं की गॅस गेला, आणि ती दुरुस्ती सहसा परवडत नाही. फ्रॉस्ट फ्रीमध्ये हीटर ठरावीक वेळाने बर्फ वितळवतो आणि पाणी मागच्या भोकातून कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं. भोक तुंबलं की भाजीच्या ड्रॉवरखाली पाणी साचतं. कोमट पाणी सिरिंजने हळूहळू सोडा, बहुतेक वेळा मोकळं होतं. यातली हवा कोरडी असते, म्हणून सगळं झाकून ठेवा.

सुगरण_७:
बाजूचे पत्रे गरम लागतात ते??

थर्मोस्टॅट:
ताई, बिघाड नाही. कंडेन्सरची नळी बाजूच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, उष्णता तिथूनच बाहेर पडते. म्हणून तर कपाटात घट्ट बसवायचा नाही. मॅन्युअलमध्ये वेगळं नसेल तर बाजूंना आणि मागे ५ सेंमी, वर १० सेंमी सोडा. क्लायमेट क्लासही बघा, म्हणजे खोली किती तापली तरी फ्रीज नीट चालतो ते सांगणारं अक्षर: एन ३२ अंशांपर्यंत, एसटी ३८, टी ४३. स्वयंपाकघर तापत असेल तर टीच घ्या.

गुडघेदुखी:
खालचा फ्रीझर घ्या!! रोजचं सामान डोळ्यांसमोर येतं, वाकावं लागतं ते फ्रीझरपुरतंच.

मोजपट्टी:
+१. साइड बाय साइडचा फ्रीझर उंच पण अरुंद, मोठा ट्रे आडवा बसत नाही. ट्रेचं माप घेऊनच दुकानात जा.

चहाटळ:
अवांतर: आडवा करून आणलाय, लगेच लावू का?

थर्मोस्टॅट:
नको. कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं. जितका वेळ आडवा होता निदान तितका वेळ उभा राहू दे, रात्रभर ठेवलात तर उत्तमच.

सुगरण_७:
आणि गॅस्केट, म्हणजे दाराची रबरी पट्टी तपासा. कागद दारात धरून बंद करा, ओढताना अडला पाहिजे. चारी बाजूंनी करा हं, बिजागरीकडची बाजू लोक विसरतात.